उदबत्तीचं नाव सांगितलं

नकुल,

तुझी आई गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, त्याच दिवशी मी सिगारेट सोडली. तलफ आली की लवंग चघळायचो. काल मात्र राहवलं नाही. धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याची बॅटरी काढली आणि बाथरूममध्ये सिगारेट ओढली.

बॅटरी का काढली, असं तू विचारलंस, तेव्हा तिच्या फोटोपुढच्या उदबत्तीनं अलार्म वाजतो म्हणून सांगितलं. तू म्हणालास, "असू दे बाबा, आईसाठीच ना." तेव्हापासून तिच्या फोटोकडे बघवत नाही.

उरलेलं पाकीट भिजवून कचऱ्यात टाकलंय. आता पुन्हा तलफ आलीय, म्हणून पार्कात चकरा मारायला जातोय. आज मला स्टुलावर चढवलं नाही. बॅटरी ओट्यावर आहे. अजून बसवलेली नाही.

बाबा