बिनफोडणीचं वरण

माय, तुझी चोरी आज पकडली गेली, तीही तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर. तुझ्या नातीला दिवस गेलेत. माहेरपणाला मोताळ्याला आली, शेजारचं लेकरू मांडीवर घेऊन बसली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या अंगावर कांजिण्या उठल्या. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा दिवसांत कांजिण्या आईलाही वाईट आणि पोटातल्या बाळालाही. हिला लहानपणी झाल्या होत्या का? मी ठासून सांगितलं, नाही. लसही दिली नव्हती. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं.

आज रिपोर्ट आला. तो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काऊन घाबरता बाई? हिले कांजिण्या कधीच्याच येऊन गेल्या. रक्तात अँटिबॉडी हायेत. काही आजारांच्या लवकर कमी होतात, पण कांजिण्यांच्या बहुतेक जन्मभर पुरतात." आई मी, आणि मलाच माहीत नाही! परतीच्या एसटीत डोकं खाजवत बसले, आणि एकदम तुझं धाड गावचं स्वयंपाकघर आठवलं.

धाकटा पोटात होता, म्हणून पोरीला तुझ्याकडे ठेवलं होतं. मी येते म्हटलं की तुझं एकच, "येऊ नको, उन्हात जीपीचे धक्के कायले खातं?" शेवटी मी तिला न्यायला येते, तर दारामागे कडुनिंबाच्या वाळक्या डहाळ्या. तू म्हणतेस, गव्हात टाकाले आणल्या. पोरीच्या पाठीवर डाग. "मच्छरं चावले, दुसरं काय." ताटात बिनफोडणीचं वरण. मी चिडते, तू पदराआड हसतेस, "गर्मीचे दिवस हायेत, पोरीले तिखट कायले?" मला कांजिण्या कधी आल्याच नव्हत्या, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? गल्लीत कोणाच्याही लेकराला उठल्या की तूच उशाशी बसायचीस. म्हणायचीस, "मले लहानपणीच येऊन गेल्या, आता माह्या वाट्याले येत नाही." मी हसायचे. तू बरोबर होतीस, माय. आज फार हलकं वाटतंय. पोरगी आत निवांत झोपली आहे.

हे पत्र घडी घालून ठेवते, पाठवायचं कुठे? फक्त एक सांगायचं राहिलं. घरात कांजिण्या असल्या की फोडणी द्यायची नाही, या तुझ्या रीतीवरून शाळेत विज्ञान शिकवणारी मी किती भांडले होते. पण रिपोर्ट येईपर्यंत मीही चुलीवर फोडणी दिली नाही. काल तुझ्या नातीनं ताटाकडे पाहून विचारलं, "काऊन वो आई, वरण असं काऊन?"

मी म्हटलं, "गर्मीचे दिवस हायेत."