मालनचा टाक

२ फेब्रुवारी, सोमवार

आज कडेगावाकडं आलो, मी अन् माझी नात पूजा. जयराजनं, माझ्या लेकानं, गाडीनं आणून सोडलं. जाताना ही कारखान्याची डायरी हातात दिली. म्हणाला, आई, तिथं तुला करमायचं न्हाई, लिहीत बस. तिसरीतनं शाळा सुटली माझी, पण अक्षर अजून वळणदार हाय. वेलांट्या चुकल्या तर कुणी मारायला येत न्हाई आता.

पूजाचं लगीन हाय. नवरा फलटणचा, बँकेत कामाला. कन्यादान आपल्या दारातनं व्हावं असं तिच्या बापाला, माझ्या जावयाला, आप्पासोला, आत्ता सुचलं. पाळण्यातली पोर मी वाईकडं नेऊन वाढवली, तवा बाप कुठं झोपला हुता कोण जाणं. पण म्हटलं असू दे, मांडव तरी मोठा घालतोय.

घर लय ब्येस हाय. स्लॅबचं, न्हाणीत गरम पाण्याचा नळ. आप्पासोनं वाकून पाय धरले, मामी, तुमी आलात, घराला घरपण आलं म्हणाला. गूळ बोलायला लागला तर असाच बोलंल. मी म्हटलं, उठ बाबा, गुडघं दुखत्यात माझं, अंगावर पडशील. पूजा हसून हसून बेजार.

४ फेब्रुवारी, बुधवार

ह्याच घरात माझी लेक मालन नांदली. पूजा पाळण्यात हुती त्या वर्षी, गुऱ्हाळ चालू असताना, ती एक दिवस दिसंनाशी झाली. कुणासंगं तरी पळाली म्हणाले. चपला बंधाऱ्यावर सापडल्या. फौजदार आला, चहा पिऊन गेला. सांगलीच्या पेपरात चार ओळी आल्या अन् कागद मिटला.

मी कवाच मानलं न्हाई. अंगावर दूध असताना तान्ही पोर टाकून कुठली बाई पळतीया? पण कुठंतरी जित्ती असंल, ही आशा मी सोडली न्हाई. म्हणून तिचं सराद घातलं न्हाई, पितरात पान ठेवलं न्हाई. जित्त्या माणसाला पान ठेवत न्हाईत.

जयराज तेवढा माझ्या बाजूनं उभा ऱ्हायला. कोल्हापूर, पुणं, सोलापूर, सगळीकडं भनीला हुडकून आला. दर खेपेला येऊन सांगायचा, आई, कुणीतरी बघितलंय म्हणत्यात, घावंल. त्या एका शब्दावर मी एवढी वर्षं जेवले. त्याच साली तो आप्पासोच्या वशिल्यानं कारखान्यात पर्मनंट झाला, पण नोकरी सांभाळून हुडकायचा. असा ल्योक मिळाया नशीब लागतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आप्पासोची दुसरी बायको अलका बरी हाय, पण भित्री. पदर गळ्याशी धरूनच वावरती. जेवताना पहिला घास उचलती, पदराआड नेती, मग परत ताटात ठेवती. मी म्हटलं, काय गं, कुणाला भरवतीस? तिच्या हातनं तांब्याच पडला.

मागल्या अंगाला जुनं गुऱ्हाळ हाय. मालन गेली त्याच साली बंद केलं म्हणं. पत्रा सडलाय. रस आटवायची काहील मोडीत गेली, खालचं चुलवाण, जाळाची खोल भट्टी, तेवढं हाय. त्याचं तोंड सिमेटानं बुजवलंय. मी विचारलं तर आप्पासो म्हणाला, साप निघत्यात, तिकडं जाऊ नका मामी.

एक कळंना. इथं गूळ शिजून जमाना झाला, मग सकाळधरनं करपल्या रसाचा वास कुठनं येतोय? पूजाला येत न्हाई. अलकाला येतोय. तिनं तोंडानं सांगितलं न्हाई, पण नाकाला पदर लावला.

८ फेब्रुवारी, रविवार

अलकाच्या डोक्याला तेल लावत हुते. पदर सरकला. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीच्या पत्र्याचा टाक हाय, मेलेल्या माणसाच्या नावानं करत्यात तसला. बाईची आकृती, कपाळावर कुंकवाचा ठिपका, म्हंजी सवाशीण गेलेली. अन् टाकाखाली, छातीवर, तेवढ्याच आकाराचा भाजल्याचा डाग.

तेलाची वाटी मी खाली ठेवली. आमच्यात मेलेल्या सवतीचा टाक दुसरी बायको गळ्यात घालती, म्हंजी मेलेली तिच्या लेकराबाळांना पिडत न्हाई. मेलेल्या. पळालेल्या बाईचा टाक कोण करतंय?

अन् तो टाक मेलीच्या माहेरनं यावा लागतो. भावानं घालावा लागतो.

माहेर माझं. भाऊ एकच.

९ फेब्रुवारी, सोमवार

पुरुष माणसं शेतावर गेल्यावर अलकाला धरून बसवलं. ती उलट माझ्यावरच रुसली. म्हणाली, आत्या, मी तुमची मानलेली लेक, पण तुमी एकदाबी माझी ओटी भरायला आला न्हाई. थोरली तुमच्याकडं, माहेरी, तापानं गेली, ह्यात माझा काय दोष?

तिला असं सांगितलंय. माहेरी. तापानं.

तिची पहिली लेकरं जगली न्हाईत. देवऋषी म्हणाला, थोरलीला गळ्यात घे. मग आप्पासोनं बोलावणं धाडलं अन् जयराज आला. हिला पाटावर बसवलं, साडी दिली, आपल्या हातानं टाक बांधला. आजपासनं तू माझी भन म्हणाला. जेवून गेला.

जेवून गेला! अन् घरी येऊन मला सांगितलं असंल, आई, घावंल.

अलकाला विचारलं, भाजलं कशानं? ती रडाय लागली. म्हणाली, एरवी गार असतोय, गुऱ्हाळाकडं गेलं की तापतोय.

१० फेब्रुवारी, मंगळवार

टाक मागून घेतला. अलकाला काढून देताना हलकं वाटलं असावं, लगेच दिला. भर दुपारी गुऱ्हाळात गेले. साप न्हाई, मुंगीबी न्हाई. चुलवाणाच्या बुजवलेल्या तोंडापाशी बसले. डाव्या मुठीत टाक. निखारा धरावा तसा तापला. मी मूठ उघडली न्हाई. लेक हाय माझी.

सिमेटाला कान लावला. आत कुणीतरी धाप लागल्यागत— फुंकणीसारखं— मग थांबलं. मी हळूच म्हटलं, मालन. परत सुरू झालं.

तळहातावर बाई उमटलीया. कुंकवाच्या ठिपक्यासकट.

जयराजला फोन लावला. दुसरीकडनं ऐकण्यापरीस त्याच्या तोंडनं ऐकावं म्हणून. भनीचा टाक कधी केलास रं? म्हणाला, आई, पूजाचं लगीन हाय, गप ऱ्हा, उद्या येतो. न्हाई म्हणाला न्हाई. नुसतं न्हाई म्हणाला असता तरी मी—

११ फेब्रुवारी, बुधवार

जयराज आला. पाया पडला. माझा हात बघितला अन् नजर फिरवली. माझा फोन घेऊन गेला, रिचार्ज मारतो म्हणाला. दिला न्हाई.

तोंडावर विचारलं. नोकरीसाठी? भिंतीकडं बघून म्हणाला, ती तर गेलीच हुती आई, मागं ऱ्हायलेल्यांनी जगायचं का न्हाई?

तू म्हणायचास घावंल. तुझ्या बऱ्यासाठी, म्हणाला.

पूजाला सांगायला गेले तर बाप तिच्याशेजारी, हातात साड्यांचे फोटो. पोर इतकी खुशीत. उद्या सकाळी सांगीन, एकटी गाठून. लगीन मोडलं तर मोडू दे. ह्या दारातनं कन्यादान न्हाई.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पूजाला पहाटेच सांगलीला धाडलं, बस्त्याला. अलकाबी गेली. मला उठवलं न्हाई कुणी.

घरात आमी तिघंच.

जयराजच्या पिशवीत फोन हुडकला. घावला न्हाई. लाल फडक्यात टाक घावला. नवाकोरा, पॉलिशबी निघालं न्हाई. डोक्यावर पदर घेतलेली बाई. कपाळ मोकळं. ठिपका न्हाई. रांडमुंड बाईचा टाक.

आमच्या घराण्यात ती मी एकटीच. अन् मी अजून जित्ती हाय.

मागनं आवाज येतोय. पहार. सिमेट फोडत्यात— वास लय वाढला— आता नुसता वास न्हाई, धूर. चिपाडं पेटवलीत.

दार बाहेरनं लावलंय. खिडकीला गज.

पूजाच्या रुखवताची पेटी इथंच हाय. दोन्ही टाक डायरीत घालून लाडवांच्या डब्याखाली ठेवते. ही पेटी तूच उघडशील बाई, दुसरं कुणी न्हाई. पूजा, नवा टाक गळ्यात घालू नगंस. सरळ ठाण्यात ने. जित्त्या माणसाचा टाक का केला म्हणून विचार. चुलवाण उकरायला सांग, तिथं तुझी आई—

पहार थांबली.

डावा हात तापलाय, मूठ मिटंना. आतनं हाक येतीया. मालनचीच. ये म्हणत न्हाई. पळ म्हणतीया.

कडी वाजली. जयराज. तोच आवाज, कोल्हापूरला जाऊन यायचा तवाचा. दाराआडनं म्हणतोय, आई, चल, मालन घाव—