लॉन्सवरची रंगीत तालीम

सोमवार, ३ नोव्हेंबर
आज रुजू झाले. मनमाड स्टेशनवर बाबांनी पेढा भरवला. आई मात्र धास्तावली होती. अणुवीज केंद्रात अपघात झाला तर काय करायचं, हे कसलं काम? आणि नाशकात कुठलं आलंय केंद्र? तिला समजावलं की केंद्र लांब, किनाऱ्यावर. तिथली माणसं हलवावी लागली तर बसने इकडे येतील. त्यांना उतरवायचं, किरणोत्सर्ग मोजणाऱ्या मीटरने तपासायचं, आंघोळ घालून कोरडे कपडे द्यायचे. याची रंगीत तालीम आमच्या संस्थेने बसवायची, बावीस तारखेला, आडगावकडच्या एका लॉन्सवर. जयराम सर प्रमुख. माझ्या शेजारच्या टेबलावर चांदवडची साक्षी. तिने डबा पुढे केला. शेंगदाण्याची चटणी झकास होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
आराखडा पूर्ण. बस कुठून वळतील, बायकांची रांग, म्हाताऱ्यांना खुर्च्या, सगळं मी मांडलं. साक्षीने एवढंच विचारलं की दावणीला जनावरं सोडून आलेली माणसं गप्प रांगेत उभी राहतील का? सर म्हणाले, याला म्हणतात विचार. बैठकीत आराखडा तिनेच वाचायचा, तिचा आवाज खणखणीत म्हणून. टाळ्या तिला.

बुधवार, १९ नोव्हेंबर
तपासणीच्या दाराशी साक्षी. मी टॉवेल वाटणार. चहावाल्या कुसाबाईसुद्धा पहिला कप तिलाच देतात. मी मुद्दाम मोजलं. सलग सहा दिवस.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
मीटर वाजतो का हे बघायला सरावाची एक बारकी वस्तू असते, निरुपद्रवी, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. स्टोअरच्या कपाटात शिशाचं जड भांडं दिसलं. आत बोटाएवढी चकचकीत नळी. हीच ती वस्तू. उद्या साक्षीच्या जॅकेटच्या खिशात टाकणार. सगळ्या साहेबांसमोर मीटर तिच्यावरच वाजू दे. फजिती होऊ दे. बाकी काही नको.

शनिवार, २२ नोव्हेंबर
मीटर वाजला नाही, किंचाळला. लोकांना वाटलं, साक्षीनेच काहीतरी नवं बसवलंय. टाळ्या! तासाभराने ती दारातच ओकली. कुणीतरी म्हणालं, "काय अभिनय करते पोरगी!" सर उभं राहून टाळ्या वाजवत होते. तिचे डोळे मला शोधत होते. ती जॅकेट टाकून तोंड धुवायला गेली तेव्हा मी नळी काढली, ओढणीच्या टोकाला बांधली. बक्षीस तिला.

रविवार, २३ नोव्हेंबर
मलाही उलट्या. साक्षी दवाखान्यात, कमरेवर लाल चट्टा. सर दिवसभर तिच्यापाशी. माझी चौकशी कुणी केली नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर
स्टोअरचे चिमाजीकाका धावत आले. भांडं रिकामं. ती नळी सरावाची नव्हतीच. भंगारात सापडली होती, तज्ज्ञ आज न्यायला येणार होते. सरांनी एकेकाला विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही. घरी जाताना नळी टाकून दिली. जिथे टाकली तिथे रोज माणसं बसतात — तेव्हा सुचलंच नाही.

बुधवार, २६ नोव्हेंबर
बोटं सुजलीत, फोड आलेत. साक्षीला मुंबईला नेलं. सगळे नळी तिच्याच घरी शोधतायत. इथेही तीच पुढे —

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सरांचा फोन. साक्षी शुद्धीवर आल्यावर पहिलं हेच म्हणाली, "अहवालावर तिचं नाव घाला, आराखडा तिचा होता." तिचं म्हणजे माझं. मग पुन्हा शुद्ध हरपली तिची — सरांनी फोन ठेवला.
मी तेव्हाही सांगितलं नाही.

शनिवार, २९ नोव्हेंबर
तोंड सोललंय. शब्द फुटत नाही. आई पोचेपर्यंत लिहून ठेवते. पेन धरवत नाही — कातडी पेनाला —
साक्षीच्या घरी शोधू नका. नळी तिथे नाही. मी टाकली. पाच दिवस लोक त्या नळीजवळ — लेकरंही —
जागा लिहिते. द्वारका चौकावरून पुढे आलं की डाव्या हाताला, जिथे