वैष्णवीच्या गोष्टीतली बहीण

४ ऑगस्ट
धाराशिवला पोचले. तेरखेड्याहून येताना एसटीत खिडकी मिळाली, तेवढ्यानंही बरं वाटलं. वसतिगृह नवं आहे, भिंतींना अजून रंगाचा वास येतो. खोलीत सोबतीला उमरग्याची वैष्णवी आहे. मी पेटी उघडायच्या आत तिनं माझ्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तोंडात टाकला आणि म्हणाली, झाली दोस्ती, आता पळायचं न्हाय. खूप दिवसांनी हसले. एम.ए. इंग्रजीला गोष्टी लिहायला शिकवण्याचा एक तास आहे. मला लिहिता येत नाही. योगीराज सर म्हणाले, रोजनिशी लिहीत जा शिवांजली, हात बसेल. म्हणून ही सुरुवात.

१७ ऑगस्ट
आज वैष्णवीला दादाचं सांगितलं. घराबाहेर पहिल्यांदाच. मल्लिनाथदादा उन्हाळ्यात फटाक्यांच्या शेडमधल्या आगीत गेला. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. चुलत्यांनी हात जोडून सांगितलं, तुझ्या आईला सांभाळू. मग म्हणाले, शेत विकणार नाही. कावळे झाडावरून हलले नाहीत. ऊन चढलं. शेवटी मी बायकांतून पुढं होऊन म्हणाले, दादा, मी इंग्रजी शिकेन, शेवटापर्यंत. लगेच एक कावळा उतरला. माझ्या शिक्षणाचा ध्यास त्यालाच होता. ऐकून वैष्णवी रडली. माझ्या डोक्यावर हात ठेवून तिनं शपथ घेतली, कुणाला सांगणार नाही. हलकं वाटलं.

२ सप्टेंबर
वैष्णवीनं वर्गात गोष्ट वाचली. तीच शेड, तोच कावळा, माझंच वाक्य. पण भाऊ तिचा होता. मुली डोळे पुसत होत्या. मी मान खाली घालून बसले. नंतर विचारलं तर म्हणाली, तू कुठं लिहिणार होतीस गं? वायाच गेलं असतं. 

५ सप्टेंबर
दुपारी खोलीत फटाक्यांच्या दारूचा वास आला. दादाच्या शर्टाला यायचा तोच. मी आनंदानं उठले. वास तिच्या कॉटपाशी होता. माझ्या बाजूला काहीच नाही. तिच्या उशीवर चंदेरी पूड सांडली होती, दादाच्या नखांत असायची तशी. ती म्हणाली, अंजा, चहा घेतीस का? अंजा मला फक्त दादा म्हणायचा. हे नाव मी तिला कधी सांगितलं नाही.
दादा, माझ्याकडं का नाही आलास?

९ सप्टेंबर
आईला फोन केला. तिनं आधी विचारलं, वैष्णवी जेवली का. म्हणाली, लेकराचा भाऊ गेला, लई सोसलं तिनं. मी म्हणाले, आई, भाऊ माझा गेला.  तिनं विचारलं, तुम्ही कोण बोलताय बाई?

१२ सप्टेंबर
सरांकडं गेले. वैष्णवी आधीच तिथं होती. सर तिला सांगत होते, शेवट कच्चा आहे, बहीणही मेली पाहिजे, तरच गोष्ट पुरी होते. मी समोर उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही. खोलीत येऊन तिचे पाय धरले. नको लिहूस म्हणाले. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, गोष्टच आहे ना गं.

१५ सप्टेंबर
तिनं शेवट लिहिला.
मेसमध्ये गजराबाईंनी मला वाढलंच नाही. माझ्यातून पलीकडं बघत मागच्या मुलीला वाढलं. परत आले तर माझी कॉट उचलून नेलेली —

२४ सप्टेंबर
गावी आले. कंडक्टरनं तिकीट विचारलं नाही.
ओढ्याकाठी माणसं जमलीत. आईला टेकून वैष्णवी बसलीय. पिंड मांडलाय. फोटो माझा.
कावळे शिवत नाहीत. कसे शिवतील — मी आहे ना. जिवंत आहे. ओरडले. एकानंही मान वळवली नाही.
झाडाखाली दादा उभा आहे. हाक मारली. तो तिच्याकडं बघतोय. ज्याच्यासाठी मी शिकायला —
आई तिला म्हणाली, तूच बोल बाळा, तुझं ऐकंल ती.
वैष्णवी उठली. हात जोडले. म्हणाली, अंजा, मी इंग्रजी शिकेन, शेवटापर्यंत.
माझं वाक्य —
एका हातानं पिंड झाकलाय, दुसऱ्यानं लिहितेय. कावळा उतरला. माझ्याच हातावर. वजन जाणवत नाही. चोच हातातून आरपार —