चौथ्या नंबरचं जॅकेट

७ डिसेंबर, रविवार

आले एकदाची नागपुरात! नाशिकहून निघताना वैभवीने बजावलं, आई, रोज लिही, नाहीतर गोव्याला पोहोचेपर्यंत निम्मं विसरशील. लेकीचा माझ्या स्मरणशक्तीवर भरवसा नाही. केमोनंतर माझाही नाही, म्हणून ही वही.

शिबिर तलावाकाठी आहे. समोर खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. एक लांबलचक खोली, सहा खाटा, भिंतीवर सहा खुंट्या. पाच जणी आधीपासून इथे आहेत, सगळ्या स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या. इथे कुणी डोळे पाणावून ‘किती गं धीराची’ म्हणत नाही, हे मला फार आवडलं. आमच्या कप्तान शोभाताईंनी आल्याआल्या तर्री-पोहे पुढे केले. पहिल्याच घासाला माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि पाची जणी पोट धरून हसल्या.

चार आठवडे सराव, ४ जानेवारीला बसने रत्नागिरी आणि तिथून शिडाच्या बोटीने सहा दिवसांत गोवा. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढताना मी ठरवलं होतं की यातून उठले तर समुद्रावर जायचं. आज पहिल्यांदा ते खरं वाटतंय.

९ डिसेंबर

आज जॅकेट मिळालं, बोटीत घालायचं, बुडू न देणारं. नारिंगी रंग, पाठीवर ४.

चौथा नंबर आधी सोनिकाचा होता. इथल्याच महाल भागातली मुलगी, वय तेहतीस. ऑगस्टमध्ये आजार उलटला आणि ती गेली. तिने समुद्र कधीच पाहिला नव्हता.

आमच्यापैकी बहुतेकींची एक बाजू सपाट आहे, त्यामुळे जॅकेट नीट बसत नाही, पाण्यात वर सरकतं. यावर मैनाबाईंनी तोड काढली. त्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. ज्या बाजूचं गेलं त्या बाजूला त्या जॅकेटच्या आतून कापसाची गादी शिवतात. सोनिकाची उजवीकडे होती, तिच्याच हिरव्या ओढणीच्या कापडात भरलेली. माझी गेली ती डावी.

इथला नियम असा की, जॅकेट दुसऱ्या बाईला देताना जुनी गादी उसवायची, तलावात सोडायची आणि नवी शिवायची. मैनाबाईंनी कात्री घेतली, पण आधी त्या गादीवरून दोनदा हात फिरवला. मलाच बघवेना. म्हटलं, नका उसवू.

“काहून वं? नियम हाये आपला,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, राहू दे, माझ्यासोबत तीही समुद्र बघेल. मग काय, सगळ्यांचे डोळे भरले, मैनाबाईंनी मला पोटाशी धरलं. दोन दिवसांत मी सगळ्यांची लाडकी! जॅकेट मात्र उजवीकडे आवळतं आणि डावीकडे मूठ जाईल एवढी पोकळी राहते. चालवून घेईन.

१३ डिसेंबर

आज पहिला मोठा सराव झाला. बोट वळवली की दर वेळी मोजणी होते. पुढून मागे, प्रत्येकीने आपला नंबर ओरडायचा. मान वळवायची नाही, नजर शिडावर, कारण शिडाखालची आडवी काठी गर्रकन फिरते आणि डोकं फोडते. त्यामुळे कोण आहे, कोण नाही, ते फक्त आवाजावरून कळतं.

चौथ्या वळणाला माझ्या पुढे बसणाऱ्या प्रयागबाई “तीन” म्हणाल्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या आधीच “चार” ऐकू आलं. अगदी कानामागून. मग पाच, सहा.

माझ्या मागे पाच नंबरवर करिष्मा बसते. किनाऱ्यावर मी तिला चांगलीच फैलावर घेतली. तिने आईची शपथ घेतली. “मी काहून बोलीन तुमचा नंबर, ताई? तुमचाच तर आवाज होता.” प्रयागबाईंनीही तेच सांगितलं.

असेल. दमले होते मी.

१८ डिसेंबर

जॅकेट आता उजवीकडे आवळत नाही. सवय झाली बहुतेक.

घसा बसलाय, थंडीचा असेल. आज मोजणीत मी मुद्दाम गप्प राहिले. ओठ दाबून धरले होते. तीन, चार, पाच, सहा. मोजणी पूर्ण झाली. शोभाताईंनी मला शाबासकी दिली, की धनश्रीचा आवाज काय खणखणीत लागतो!

मी कुणाला काही बोलले नाही. बोलून सांगणार तरी काय?

२२ डिसेंबर

अंघोळ करताना हाताला लागली. उजवीकडे. सुपारीएवढी.

मी न्हाणीतल्या फरशीवर बसले आणि खूप रडले, तोंडात टॉवेल कोंबून. मला भीती वाटतेय. पहिल्या वेळी कळत नव्हतं पुढे काय काय असतं. आता सगळं माहीत आहे.

सांगितलं तर आजच दवाखाना. बोट गेली, समुद्र गेला. तेरा दिवस राहिलेत. गोव्याहून आल्यावर दाखवेन. वैभवीला फोन केला आणि तर्रीच्या गमती सांगितल्या.

२६ डिसेंबर

लिंबाएवढी झाली. चार दिवसांत. अशी वाढत नसते, मला माहीत आहे.

दुपारी जॅकेट घेऊन मैनाबाईंकडे गेले. म्हटलं, उसवा. त्यांनी आधी टाके तपासले. सगळे जागच्या जागी, एकही तुटलेला नाही. मग कात्री लावली.

आत काही नव्हतं. कापूस नाही. हिरवं कापड नाही.

“टाके तं माह्येच हायेत,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. “कोनी हातबी नाही लावला. मंग कापूस गेला कुठं वं?”

माझा हात आपोआप उजवीकडे गेला. मैनाबाईंनी ते पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मी हात जोडून विनवलं, कुणाला सांगू नका. त्यांनी मान हलवली, पण तेव्हापासून त्या माझ्याकडे बघत नाहीत.

२९ डिसेंबर

कडक नाही. पहिली गाठ खड्यासारखी होती. ही मऊ आहे. दाबली की दबते, सोडली की हळूहळू फुगते.

कातडीखाली हिरवं दिसतं. शीर असेल म्हणून उजेडात पाहिलं.

शीर नाही. विणलेलं आहे.

१ जानेवारी

आवाज पूर्ण गेला. कुजबुजही निघत नाही. मोजणीत चार मात्र रोज ऐकू येतं. दिवसेंदिवस जास्त आनंदी.

मैनाबाईंना आज वहीवर लिहून विचारलं, सोनिका शेवटी काय म्हणाली होती? त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, “माहा नंबर कोनाले देऊ नोका, मी येऊनच राहिली, असं म्हनली होती.”

३ जानेवारी

ठरलं. नाही जायचं. समुद्र गेला खड्ड्यात, मला जगायचंय. वैभवीचं लग्न, तिची पोरं, म्हातारपण, मला सगळं हवंय. सकाळी शोभाताईंना वहीच दाखवणार. सगळं कळू दे. हसू देत.

जॅकेट खुंटीला आहे. मी खाटेवरून त्याच्याकडे बघतेय. रिकामं आहे, तरी छातीशी भरल्यासारखं—

नाही बघणार.

४ जानेवारी

सकाळ झाली. खोलीत कुणी नाही. पाय हलत नाहीत, कमरेपासून जड— ओल्या कापसासारखे. हाक निघत नाही. फक्त हात चालतो.

खुंट्या सगळ्या रिकाम्या. माझीही.

खिडकीतून बस दिसतेय. धुकं आहे. नारिंगी जॅकेटं चढताहेत, मफलर गुंडाळलेली— मी मोजली. सहा.

फोन उशाशी. वैभवीचा मेसेज: आई, आज किती खूश वाटलीस गं फोनवर! आवाज पण मोकळा झाला. समुद्राचे फोटो पाठव.

मी फोन केला नाही. उत्तर लिहायला गेले तर फोन बंद पडला. वैभू, मी नाही केला—

मोजणी सुरू झाली. सगळ्या पुढे बघताहेत. मैनाबाई, एकदा तरी मागे वळा— एकदा—

एक. दोन.

उजवीकडे ओढल्यासारखं होतंय. कातडीवर टाके, बारीक, सरळ, एकसारखे— कुणीतरी आतून—

तीन.

चार मी आहे. अहो, चार मी— मी इथे आहे, मी च