शिट्टीवाल्यांची मोजणी

प्रिय चिंगे,

मामाचं पत्र म्हणजे काहीतरी विपरीत, असं मनात आणू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त कुरकुरते. मी थकलोय, एवढंच. संशोधन केंद्रापासून तळ्याच्या बांधापर्यंत जायला पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता वाटेत दोनदा टेकावं लागतं.

फवारणीचं पत्रक आलं. सोमवारी सकाळी टाकी भरून औषध येणार आणि बेडूक वाचवायला तळ्यातले डास, त्यांच्या अळ्या, सगळं साफ करणार. खाली आधार म्हणून तुझा अहवाल. शिपायाने ते फलकावर लावलं तेव्हा मी तुझं नाव तीनदा वाचलं. ऊर भरून आला, ते खोटं नाही.

सात वर्षांची असताना तू माझ्याशेजारी त्याच बांधावर बसायचीस. नखाएवढ्या त्या बेडकांना शिट्टीवाले हे नाव तूच ठेवलंस. मोठे बेडूक डरावडराव करून गाव गोळा करतात, हे मात्र हळूच शिट्टी मारून नवरी शोधतात, असं तू आईला सांगितलं होतंस. तिने नवरीचा विषय बाजूला ठेवून आधी आपल्या दोघांना चिखलाचे पाय धुवायला पाठवलं.

पुढे तूच मला शिकवलंस की ती शिट्टी नवरीच ऐकते असं नाही. डासाची मादीही त्याच आवाजाच्या मागावर येते, बेडकाच्या नाकपुडीशी बसून रक्त पिते आणि एकाच्या रक्तातले परजीवी दुसऱ्याच्या अंगात सोडते. सूक्ष्मदर्शकाखाली ते वळवळणारे जीव तू दाखवलेस त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. माझ्या वहीत शिट्ट्या ऐकून मोजलेले शिट्टीवाले दरवर्षी घटत होते. पहिल्या वर्षी साठ, मग बेचाळीस, मग तीस, असं करत करत गेल्या वर्षी पाच. मोठे बेडूक होते तेवढेच. तुझं म्हणणं अगदी चपखल बसलं. ज्याची शिट्टी त्यालाच डास, आणि त्यालाच मरण. प्रबंधाच्या पहिल्या पानावर तू छापलंस, ‘मामाच्या कानांना’. ते पान मी कितीजणांना दाखवलं असेल, विचारू नकोस.

आता दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तू पाठवलेला तो छोटा भोंगा, शिट्टीवाल्याचा आवाज वाजवून डास पकडायचा, मी संध्याकाळी बांधावर लावला. आवाजच नाही. बॅटऱ्या बदलल्या, तारा चाचपल्या, एक चापटही मारली. ढिम्म. तुझ्या नावाने थोडं बडबडलो आणि तसाच सोडून घरी आलो. सकाळी पाहतो तर खालची जाळीची बरणी डासांनी काळी झालेली. बंद भोंग्याकडे डास कशाला येतील? मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. या वर्षी डास चावून चावून माझे हात सुजलेत, पण कानाशी गुणगुणलेला एकही आठवेना.

तरी मन मानेना. दुसऱ्या दिवशी गुडघ्यांची समजूत काढून ताईला, तुझ्या आईला, तळ्यावर नेलं. मला त्या मोठ्यांचं डरावडराव तेवढं ऐकू येत होतं. ताई पाच मिनिटं बसली आणि कानांवर हात ठेवून म्हणाली, “काय ही शिट्ट्यांची कटकट! एवढ्या गोंधळात तू मोजतोस तरी कसं?”

घरी येताना ती गुडघ्यांबद्दल बोलत होती आणि मी मान हलवत होतो.

कान तपासून आलो. बारीक आवाज गेलेत, एका दिवसात नाही, सात-आठ वर्षांत हळूहळू गेलेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे वहीतल्या ज्या आकड्यांवर तू रात्रंदिवस घासलंस, ते बेडकांचे नव्हतेच, माझे होते. परजीवी खरे आहेत, डासही खरे आहेत. पण शिट्टीवाले त्यांना अंगावर घेऊन जगतायत, शिट्ट्या मारतायत, पिल्लं काढतायत. सोमवारी औषध पडलं तर अळ्यांबरोबर ती पिल्लंही जातील. पुढच्या वर्षी कुणी मोजायला आलं तर तळं खरोखरच गप्प असेल, आणि सगळे म्हणतील, अहवाल बरोबर होता. मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. खोटं कशाला बोलू, चार दिवस तसा विचार केला. तुझी नोकरी नवी आहे. माझी लाज जुनी आहे, पण तीही सुटत नव्हती.

काल केंद्रात अर्ज दिला. साहेब म्हणतात, अहवाल जिचा तिने मागे घेतल्याशिवाय फवारणी थांबणार नाही. म्हणून हे पत्र केंद्राच्या गाडीवाल्याच्या हाती देतोय. उद्या, शुक्रवारी, दुपारपर्यंत तुला मिळेल. सोबत कानांच्या तपासणीचा कागद आहे, तो जोडून सोमवारच्या आत अहवाल मागे घे. चूक माझ्या कानांची आहे असं स्पष्ट लिही, त्यात आडपडदा ठेवू नकोस. तुला वाटेल, हे मामाने फोनवर का नाही सांगितलं. अगं, फोनवर तुझा आवाज मला वर्षभर नीट कळत नाहीये. तू बोलतेस आणि मी अंदाजाने हो हो म्हणतो. गेल्या महिन्यात तू बराच वेळ बोललीस, शेवटी रडलीस असं वाटलं, आणि तेव्हाही मी हो हो म्हणून फोन ठेवून दिला. काय झालं होतं, पोरी? ते आधी लिही. मग माझ्यावर रागाव, पोटभर रागाव, पण कागदावर रागाव. मला त्यातला एकही शब्द चुकवायचा नाही.

तुझाच,
वाचायला बसलेला मामा