ज्योत्स्नाची वाट

४ जून, अमरावती
अकोल्याहून सामान आलं. घर लहान आहे, पण स्वयंपाकघरात भरपूर उजेड. माझी शाळाही जवळच. संघपालनं आल्या आल्या टेबल खिडकीशी ओढलं. दुसरी कादंबरी इथंच लिहीन म्हणाला. त्याची पहिली मी लग्नाआधी वाचली होती. तिच्यातल्या माणसाला घरचेच परके वाटतात. तेव्हा खूप रडले होते, लिहिणाऱ्याला भेटायचंच म्हणून हट्टानं गेले होते. आज पडदे लावताना मी हसले, तर म्हणाला, हे हसणं पुस्तकात घेतो.

२० जुलै
संघपाल झोपेसाठी म्हणून घेतो त्या गोळ्यांचं पाकीट भरलेलंच सापडलं. गोळी घेतली की कादंबरीतली माणसं बोलायची थांबतात, असं म्हणाला. त्याच्या बहिणीला, ललिताताईंना, अकोल्याला फोन केला. त्या म्हणाल्या, "त्या पुस्तकातला मानूस तोच व्हय. बाबा गेले तवा त्यानं बाबाले ओळखलं नाई. तुले सांगाले पायजे होतं आमी."

११ ऑगस्ट
शाळेतून आले तर तो दारात उभा. अदबीनं विचारलं, "तुमी कोन? माही बायको येईन आता." मला वाटलं थट्टा करतोय. मग म्हणाला, चेहरा तिचाच घेतला तुम्ही, आवाजही.

१४ ऑगस्ट
ताई आल्या, डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन, नव्या गोळ्या. वेळ लागेल, वाद घालू नका, असं सांगितलं. ताईंना तो ओळखतो. फक्त मला नाही.

२ सप्टेंबर
वाद घालत नाही. पाहुणीला वाढावं तसं मला वाढतो. दुपारी नवं प्रकरण वाचून दाखवलं. त्यात मी आहे. पोह्यांवर लिंबू जास्त पिळणारी, वह्या तपासताना गुणगुणणारी. इतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नसेल. म्हटलं, ती मीच रे. त्याला माझी कीव आली.

९ सप्टेंबर
आईचा फोन. त्यानं उचलला. ज्योत्स्ना अजून आली नाही म्हणाला. मी शेजारीच होते. फोन मागितला नाही. का नाही मागितला—

१० सप्टेंबर
सकाळी त्यानं दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. कुणाच्या तरी हातातली पिशवी घेतल्यासारखा वाकला. चेहरा असा उजळला— माझ्यासाठी कधीच—

आली ती, म्हणाला. तुम्हाला उगाच त्रास झाला, बाई. घरी जा आता.

बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. आत तो पाणी देतोय. बोलतोय. ज्योत्स्ना म्हणून हाक मारली. ओ द्यायला तोंड उघडलं, तर माझ्याआधीच आतून, माझ्याच आवाजात, ओ आली—